मरायची हातोटी
दातांच्या दवाखान्यात म्हातारी नटी सुजल्या गालावर रुमाल धरून बसली होती. शेजारच्या दोघी बहिणींचं बोलणं कानावर पडलं, तशी ती सावरून बसली.

"ताई, टीव्हीवर बघ, तीच ती नटी! काय सुंदर मरते गं!"

"सुंदर कसली! नाटकात मेली की हळूच एक डोळा उघडून बघायची, लोक रडतायत का!"

"काहीतरीच तुझं!"

"पहिल्या रांगेत होते मी! हसू दाबता दाबता पुरेवाट झाली."

"आहे का गं ती अजून?"

"छे! केव्हाच गेली!"

नटीच्या हातातला रुमाल गळला, मान कलली.

"अगं बाई! ताई, या आजी बघ!"

"अहो आजी! डॉक्टर, धावा हो!"

ताई रडकुंडीला आली.

आजींनी हळूच एक डोळा उघडला.