दाब, धर, सोड

सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी — कधीपासून चाललंय हे, असं विचारलंत ना मिस्त्रीकाका, मग मी मिनिटासकट सांगते. गेल्या वर्षी, शनिवारी, सहा चाळीसला. चिमीला ताप होता, तिच्या काखेत थर्मामीटर लावून मी घड्याळाकडे बघत बसले होते, दूध गॅसवर — म्हणून पक्कं लक्षात आहे. आणि गेटपाशी असा आवाज आला, जसं कुणी पत्र्याचं कपाट रस्त्यावरून फरफटत आणतंय. बाहेर येऊन बघते तर टेम्पो, टेम्पोमागे दोर, दोरामागे हे डबडं, आणि डबड्यात स्टिअरिंग धरून आमचे हे. चेहरा असा, जसं काही विमान उतरवलंय. चारही चाकं बसलेली, काचा नाहीत, मागच्या सीटवर कोंबडीनं घर केलेलं — खोटं नाही सांगत, दोन अंडी निघाली आतून. म्हणे, "बघितलंस का? आपल्या आजोबांच्या वेळची आहे!" म्हटलं, आजोबा गेले, मग ही कशाला मागे राहिली? तर हसले. दूध उतू गेलं ते गेलंच, पातेलं अजून काळं आहे. चिमीचा ताप किती होता ते बघायचंच राहिलं.

चहा घ्या ना आधी. बॅटरी कुठं पळून जात नाही — आणि बॅटरी चांगलीच आहे हो, नवी आणलीय परवा. आधी म्हणाले प्लग गेले, मग म्हणाले बॅटरी गेली, आता म्हणतात कॉइल गेली, ती आणायला गेलेत. गुरुवारपासून गाडी सुरूच होत नाही, घरात रोज एक काहीतरी 'जातंय', आणि हे त्याच्या मागे पळतायत. तुम्हाला बोलवायला काय घाबरले होते! दोन दिवस नुसते घुटमळत होते. "मिस्त्रीकाकांनी एकदा हात लावला की गाडीच बोलते," असं तुमच्याबद्दल सांगतात. दुसऱ्या कुणाचं ऐकतील? नाव नको.

म्हटलं होतं, आणलीच आहे तर नीट करा, रंग द्या, उभी करा दारात. नाही! "तशी कुणीही करतं. आपण हॉट रॉड करायची." आता माझं शिक्षण सातवी, मला काय कळणार, तर समजावून सांगितलं — जुनी गाडी घ्यायची, तिच्या अंगावरचं नको ते सगळं कापून टाकायचं, आणि आत दणदणीत इंजिन घालायचं. म्हणजे म्हातारीचे दात उपटायचे आणि तिला शर्यतीत पळवायचं, असंच ना? छप्पर चार बोटं कापलं. आता आत बसलं की मान खाली, चोरी करून आल्यासारखी. मडगार्डं काढली. बॉनेट काढलं — काढलं कसलं, व्हॅनचं इंजिन त्याच्याखाली मावेना, म्हणून फेकलं; आणि मित्रांना सांगतात, स्टाइल आहे. हँडब्रेक काढला, तो गिअरच्या मधे यायला लागला म्हणून. हो, काढलाच. तो तिकडे पत्र्याखाली पडलाय बघा, चिमी त्याची बंदूक करते. आणि बाजूनं या ज्वाला काढल्यात ना, त्या यांच्या मित्रानं काढल्या — गॉगल म्हणतात त्याला, घरातसुद्धा काढत नाही तो गॉगल. काळ्या काचेतून रंग दिला की असंच होणार. चिमी धावत आली आणि ओरडली, "आई, गाडीवर गाजरं!" तिच्यावर रागावले हे. पोर खरं बोललं की राग येतोच.

सीट? सीट बरी आहे — बरी काय, चांगली आहे. ती मी शिवली. जुन्या सोफ्याचं लाल रेक्झिन होतं, त्याला पांढरी किनार घातली, दुहेरी टाके घातले, माझ्या पायाच्या मशीनवर. तीन सुया मोडल्या. ती छोटी सीट दिसतेय ना पुढं, ती चिमीची. तिला पट्टा लावा म्हणून मी सांगितलं, तेव्हा म्हणे, "हॉट रॉडला पट्टा बरा नाही दिसत." मग मी रेक्झिनचाच शिवून लावला, लाल, म्हणजे दिसतो तरी बरा. उद्या दहा वाजता निघायचंय. मैदानावर जुन्या गाड्यांचं प्रदर्शन आहे, आणि आमची गाडी स्वतःच्या चाकांवर जाणार, चिमीला पुढं बसवून. आठवडाभर पोरगी रोज सकाळी उठून विचारतेय, "आज आहे का उद्या?" मैदानाचा रस्ता तुम्हाला ठाऊक आहे — शाळेवरून तो उतार, आणि उताराच्या तळाशी चौक.

अहो इंजिनावरचं ते झाकण कशाला उघडताय? राहू द्या ते. ते त्यांनी स्वतः बसवलंय — आणि जे त्यांनी स्वतः बसवलंय ते तपासायचं नसतं, हा आमच्या घरातला कायदा आहे. गुरुवारपासून तीन वेळा अख्खं इंजिन धुंडाळलं, पण त्या झाकणाला हात नाही. "ते मी माझ्या हातानं लावलंय," संपलं. वायरी बघा ना तुम्ही, वायरी बघा. चहा गार होतोय.

मी सांगत काय होते — हां, हवा काढायची. ब्रेकमधली हवा काढायला दोन माणसं लागतात, हे तुम्हाला मी काय सांगायचं. एक खाली लोळणार, एक वर पेडल दाबणार. गॉगल कधी वेळेवर आलाय? म्हणून मी. पदर खोचून आत बसायचं आणि गाडीखालून आवाज यायचा — "दाब! धर! सोड! — दाब! धर!" महिन्यापूर्वीचा शनिवार-रविवार, दोन्ही दिवस. भात गॅसवर, चिमी दारात, आणि मी दाब-धर-सोड. नळीतून तेल निघालं, बुडबुडे निघाले, मग बुडबुडे थांबले, हे बाहेर आले आणि हात पुसत म्हणाले, "झालं. दगडासारखा ब्रेक." मी म्हटलं, अहो, दगडासारखा नाहीये. हळू दाबून धरून ठेवलं ना, की तो पायाखालून सरकतो. खाली जातो. हळूहळू, पण जातो. तर मला म्हणतात, "तू पाय ढिला सोडला असशील." मी! अहो, सात वर्षं मी पायाच्या मशीनवर शिवतेय. कापड जाड आलं की माझ्या पायाला आधी कळतं, डोळ्याला मागनं. पाय ढिला सोडला की नाही, हे मला कळणार नाही? मग स्वतः बसले आणि मारला एक जोरात — धाड! "हे बघ, थांबतोय का नाही?" थांबणारच. लाथ मारली की थांबतो. पण उतारावर लाथ मारून चालत नाही ना हो, उतारावर धरून ठेवावा लागतो. दुसऱ्यांदा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगितलं, तेव्हा गॉगल आणि आणखी दोघं होते, त्यांच्यासमोर म्हणाले, "ऐका रे, सातवीतलं ब्रेकशास्त्र!" हसले सगळे. मी पण हसले. काय करणार, चहा घेऊन उभी होते.

शेजारचे आजोबा मात्र नाही हसले. तीस वर्षं बस चालवली त्यांनी. कुंपणापलीकडून म्हणाले, "पोरा, इंजिन मागनं बघ, आधी ब्रेक बघ. सूनबाई म्हणते ते खोटं नसेल." त्यांचं ऐकलं असतं बहुतेक, रोज बोलत होते ते. पण मग तो पोचा दिसला. पुढची जाळी बघा, डावीकडे आत गेलीय — तीन आठवडे झाले. यांनी कामावरून येऊन बघितलं आणि तडक कुंपणाशी जाऊन ओरडायला लागले. "तुमचीच शिडी पडली असेल! नाहीतर मुद्दाम केलं असेल, तुम्हाला बघवत नाही!" आजोबा नुसते माझ्याकडे बघत होते. तेव्हापासून खिडकी बंद. त्यांची नात चिमीबरोबर खेळायला यायची, ती पण बंद. चिमी कुंपणाच्या फटीतून तिला गाजरं दाखवते — ज्वाला, म्हणजे.

तेव्हा का नाही बोलले मी? काय बोलणार होते — अहो, तुम्ही असे बघू नका माझ्याकडे.

बरं. मीच. तो पोचा मी पाडला. दुपारी, हे कामावर, चिमी शाळेत. किल्ली खिळ्याला असते. मला फक्त एकदा चालत्या गाडीत बघायचं होतं की पाय खोटं बोलतोय का ब्रेक. गिअर टाकायला मला यांनीच शिकवलंय, म्हणजे शिकवलं नाही, पण वर्षभर रोज तेच ऐकतेय मी. सुरू केली. आणि खरं सांगू? गुरगुरली नाही, धडधडली नाही, अशी मऊ निघाली ना! माझ्या हाताची सीट, माझ्या हाताचे टाके, आणि ती चालली होती. हे गुर्मीत का असतात, ते मला त्या दहा पावलांत कळलं. मग क्लच दाबला आणि ब्रेक दाबला — हळू, जसा मी दाबते तसा. धरला. आणि तो गेला. गेला, गेला, तळाच्या पत्र्यापर्यंत गेला, आणि गाडी आपली चाललीच आहे, निवांत, आणि समोर लाकडाची थप्पी. थप्पी होती म्हणून. त्या जागी — नाही, नको. चिमी शाळेत होती. मी सांगितलं ना, शाळेत होती.

आजोबांनी कुंपणावरून सगळं बघितलं होतं. माझं नाव सांगितलं नाही त्यांनी. आणि मी माझं सांगितलं नाही. सांगितलं असतं तर पहिला प्रश्न ब्रेकचा नसता आला, "किल्लीला हात कसा लावलास" हाच आला असता — आणि मग "बाईमाणसानं चालवली, ब्रेकला काय दोष?" मला पाठ आहे पुढचं सगळं. आता यांना सांगू शकणारा एकच माणूस होता, त्याचंही तोंड मीच बंद करून बसले.

उघडलंतच ना शेवटी ते झाकण. मला वाटलंच. आत काही नाही, हो ना? रिकामं. हसू नका. — हसत नाही ना तुम्ही? रोटर म्हणतात ना त्याला? यांनीच एकदा मित्रांना ऐटीत सांगितलं होतं, हा एवढासा तुकडा काढून खिशात टाकला की जगातला कुठलाही चोर गाडी नेऊ शकत नाही. मी तेव्हा सीटचे टाके घालत होते, कान काही शिवलेले नव्हते माझे. गुरुवारी काढला. घरातच आहे, माझ्या बटणांच्या डब्यात; कोटाच्या बटणांत तपकिरी तुकडा कुणाच्या लक्षात येतोय. यांनी कधी तो डबा उघडला नाही, आणि उघडणार पण नाहीत, शर्टचं बटण तुटलं की शर्टच माझ्या अंगावर फेकतात.

नाही, देणार नाही. आधी तुम्ही आत बसा. मला चोर म्हणा, काही म्हणा, पण एकदा बसा. डोकं सांभाळा, छप्पर कापलंय. लाथ मारायची नाही हं, हळू — मशीन चालवल्यासारखं. आता दाबा. धरा. सोडू नका, धरूनच ठेवा. एक… दोन… तीन… चार… पाच…

काय झालं? बोला की. सहा म्हणू का अजून?

गेला ना खाली?

चला, माझ्या पायानं खोटं सांगितलं नाही. डोळ्यांत पाणीबिणी काही नाही हो, पेट्रोलचा वास आहे तो. ती स्कूटर ऐकलीत? आलेच, कोपऱ्यावर आहेत. कॉइल घेऊन येतील, मिरवत. ऐका आता, पटकन सांगते. रोटर माझ्याकडेच राहणार. ब्रेकचं ते जे काही सिलिंडर असतं ते नवं बसेल, हँडब्रेक परत लागेल, आणि मी बसून धरीन, पन्नास आकडे म्हणेपर्यंत ब्रेक जागचा हलणार नाही, त्या दिवशी मी रोटर स्वतः जागेवर लावून देईन. उद्याचं प्रदर्शन हुकलं तर हुकलं, गाजरं पुढच्या वर्षी पण गाजरंच राहतील. चिमी रडेल, मी बघते. हे सगळं तुम्ही सांगा. तुमच्या तोंडून. माझं नाव घेऊ नका — नाही, थांबा. घ्या. माझंच नाव घेऊन सांगा की तिच्या पायाला आधी कळलं होतं. आणि गेटातून बाहेर पडलात ना, की डावीकडे वळा, आजोबांचं दार वाजवा, उघडणार नाहीत, तरी बाहेरूनच सांगा — पोचा सूनबाईनं पाडला, हे तिनं कबूल केलंय, आणि नातीला खेळायला पाठवा म्हणावं. एवढा निरोप पोचवा.

कप द्या इकडे.