मंदारने घुसवलेलं फंक्शन

हुशार माणसांचा वैताग आलाय, यार. आमच्या टीममधला मंदार, कांदिवलीतल्या त्याच्या सोसायटीचा सेक्रेटरी, त्यातलाच. गेल्या आठवड्यात सगळ्यांच्या रिपोर्टमधल्या तारखा चुकल्या आणि शिव्या मी खाल्ल्या, कारण तारखांचं पॅकेज, म्हणजे सगळ्यांच्या प्रोग्रॅमला तारखा काढून देणारा तयार कोड, मी सांभाळतो. दोन दिवस ते पॅकेज ओळ न् ओळ वाचलं, चूक कुठेच नाही.

शेवटी मंदार हसला. “फाइलमध्ये काय शोधतोयस? फाइल तशीच राहते; माझा प्रोग्रॅम चालू झाला की पॅकेजमधलं तारीख काढणारं फंक्शन हटवून तिथे माझं जाऊन बसतं. झकास ना?”

“अरे, ते पॅकेज सगळे वापरतात! विचारायचंस तरी!”

“त्यात काय विचारायचं?”

तेवढ्यात त्याला सोसायटीतल्या एका बाईंचा फोन आला. हा तिथेच ओरडला, “कुणाला न विचारता पॅसेजमध्ये चपलांचं कपाट ठेवलंत? पॅसेज काय तुमच्या एकट्यांचा आहे?”