रंध्याचं टेबल आणि माझा गुडघा

...नाही, पण मी म्हणतो, गुडघा कोणाचा? माझा. टेबल कोणाचं? तेही माझंच. मग तुमचं काय जातं? अहो, तुम्हाला नाही म्हणत, तुम्ही बसा, उठू नका, मला पाय लांब करण्यापुरती जागा आहे या बाकावर. मी आमच्या घरच्यांना म्हणतोय. इथे दवाखान्यात येईपर्यंत वाटभर सूनबाईने तोंडातून शब्द काढला नाही, नुसती माझ्या चालण्याकडे बघत होती, आणि तुम्हाला सांगतो, बोलणाऱ्याला उत्तर देता येतं, नुसत्या बघणाऱ्याला काय उत्तर देणार? आता ती गेलीय खाली, एक्स-रे आणायला, म्हणून म्हटलं तेवढ्यात कोणालातरी खरं काय ते सांगून टाकावं. तुमच्या आधी अजून बरेच जण आहेत ना? मग आहे वेळ.

तर टेबल. आमचं जेवणाचं टेबल. ते हलतं. झालं, एवढाच गुन्हा! माणसं हलतात, दात हलतात, सरकारं हलतात, त्यांना कोणी काही म्हणत नाही, पण आमचं टेबल जरा डुललं की सगळ्यांच्या कपाळावर आठ्या. आणि मी काही अडाणी माणूस नाही हो, मी आयुष्यभर नोकरी केली ती वजनकाट्यावर. मालाने भरलेले ट्रक काट्यावर चढायचे, मी खिडकीतून आकडा बघायचो, आणि तो आकडा जरा इकडचा तिकडे झाला की ड्रायव्हर एका बाजूने आणि मालक दुसऱ्या बाजूने माझ्या गळ्याशी यायचे. दिवसभर सगळं कसं समतोल, समतोल, समतोल... आणि मग घरी यायचं तर तिथे हे डुलणारं टेबल. काय सांगू तुम्हाला, खुर्चीत बसलं की जीव भांड्यात पडायचा.

हे टेबल केलं रंध्याने. रंध्या म्हणजे माझा शाळेपासूनचा मित्र, धंद्याने सुतार, हातात कायम रंधा म्हणून रंध्या, खरं नाव आता त्याच्या बायकोलासुद्धा आठवून सांगावं लागतं. अर्ध्या गल्लीची दारं-खिडक्या त्याने केलेली, एक दार करकरेल तर शपथ. माझं लग्न ठरलं तेव्हा म्हणाला, तुला टेबल करून देतो. दिलं. जड लाकडाचं, चौघांनी उचलावं असं. आणि पहिल्याच दिवशी आमची ही, म्हणजे तेव्हा अगदी नवी नवी, हौसेने रंध्यासमोर चहा ओतायला गेली, किटली ठेवली मात्र, टेबल खट्‌कन आम्हा दोघांच्या बाजूला झुकलं आणि चहा रंध्याच्या नव्या शर्टवर. मी म्हटलं, "रंध्या, एक पाय आखूड झालाय लेका." तर तो काय म्हणाला असेल? शर्ट पिळत पिळत, शांतपणे? "माझं टेबल सरळ आहे. तुझी जमीन वाकडी आहे."

बरं, ती भाड्याची खोली होती, मी म्हटलं असेल बाबा. पुढे आम्ही कंपनीच्या क्वार्टरमध्ये गेलो. टेबल तिथेही हललं. रंध्या म्हणाला, "कंपनीने पैसे खाल्ले, जमीन वाकडी केली." मग हे आत्ताचं घर बांधलं, स्वतःचं, तिथे टेबल हललं पण जरासं कमी हललं. तर हा खाली वाकून फरशीवरून हात फिरवतो आणि मला म्हणतो, "ही जमीन त्यातल्या त्यात बरी आहे, पण आहे वाकडीच." आता बोला! तीन घरं झाली, सगळ्यांच्या जमिनी वाकड्या, एक यांचं टेबल तेवढं सरळ.

पण आम्ही उपाय काढला होता. मी बसायचो टेबलाच्या डोक्याशी, तो आखूड पाय माझ्या उजव्या हाताला. मी काय करायचो, उजवा गुडघा खालून फळीला लावायचो. बस्स. टेबल गप्प. मग घरात पद्धतच पडून गेली, ही किटली घेऊन आली की आधी विचारणार, "गुडघा?" मी म्हणणार, "लावलाय." मग चहा. मुलं झाली, तीही शिकली, त्या खुर्चीवर जो बसेल त्याने गुडघा लावायचा आणि ज्याचा गुडघा त्याचा मान, बिस्किटांचा डबा त्याच्यापुढे. भांडायची हो पोरं त्या खुर्चीसाठी! रविवारी सकाळी रंध्या यायचा, आम्ही मटार सोलायला बसायचो, आणि सुटलेला प्रत्येक मटार गडगडत गडगडत यायचा तो त्याच कोपऱ्यात, मग जो आधी झडप घालेल त्याने तो खायचा. भाजीला किती उरायचे ते विचारू नका. पत्ते खेळताना तर ज्याला वाईट पत्ते यायचे तो मुद्दाम गुडघा काढायचा, सगळा डाव जमिनीवर, पुन्हा पिसा! रंध्या हरायला लागला की नेमका त्या खुर्चीवर बसायचा हट्ट धरायचा. सुख सुख म्हणतात ते आणखी वेगळं काय असतं, मला तुम्ही सांगा.

आमची मुलगी लग्न होऊन सासरी गेली, पहिल्याच संध्याकाळी चहा घेऊन आली आणि सवयीने सासऱ्यांना म्हणाली, "गुडघा?" ते बिचारे गहिवरले. म्हणाले, "बाळ, या घरात माझ्या गुडघ्याची चौकशी करणारी तू पहिलीच," आणि चहा गार होईपर्यंत आपली दुखणी सांगत बसले. अजूनही तिच्यावर जीव आहे त्यांचा. हे सगळं कोणामुळे? टेबलामुळे. आणि हे लोक ते टाकायला निघाले. म्हणून म्हणतो, गुडघा माझा, टेबल माझं, तुमचं काय जातं?

आता तुम्ही म्हणाल, एवढी वर्षं तो पाय मापून का नाही बघितला? साधी पट्टी लावली असती तर पाय आखूड की जमीन वाकडी, एका मिनिटात निकाल लागला असता. आणि मी वजनकाट्यावरचा माणूस! अहो, पण निकाल लागला असता तर रविवारी आम्ही बोललो कशावर असतो? तो आत यायचा, चप्पल काढायच्या आधी म्हणायचा, "काय, केली का जमीन सरळ?" मी म्हणायचो, "तू पाय लांब केलास का?" झालं, इथून सुरुवात, मग तासभर तोंडाचा पट्टा. त्याची आई गेली तेव्हा हा कितीतरी रविवार आलाच नाही. मग एक दिवस दारात उभा राहिला, तोंड सुकलेलं, आणि हळूच म्हणाला, "काय, केली का जमीन सरळ?" मी हिला म्हटलं, चहा टाक. रंध्या परत आला होता.

तर असं सगळं छान चाललं होतं आणि या गुडघ्याने दगा दिला. मुलाने इथेच आणलं, याच डॉक्टरांकडे. तरुण आहेत, हुशार आहेत, त्यांनी माझा उजवा गुडघा चाचपला, फळीने पडलेला खळगा बघितला आणि कौतुकाने म्हणाले, "काका, फुटबॉल खेळायचात का?" मी म्हटलं, "नाही, जेवायचो." मग मुलाने सगळं सांगितलं. सांगायची काही गरज होती का? डॉक्टर हसले नाहीत. म्हणाले, या गुडघ्यावर यापुढे जोर द्यायचा नाही, नाहीतर काठी येईल.

झालं! घरी सभा भरली. मुलगा मोबाइलवर नवीन टेबल दाखवतोय, काचेचं. काचेचं! म्हणजे जेवताना स्वतःचेच पाय बघत बसायचं. सूनबाई गोड आवाजात, "बाबा, आम्हाला तुमची काळजी वाटते हो." मी म्हटलं, काळजी वाटते तर पत्त्यांत हरत जा, टेबलाला हात लावायचा नाही. खुर्चीवर जे ठाण मांडलं ते उठलोच नाही. चहा तिथेच, पेपर तिथेच, दुपारची डुलकीसुद्धा तिथेच, टेबलावर डोकं ठेवून. आणि गुडघा? लावलेलाच. आमची ही मात्र कोणाच्याच बाजूने बोलली नाही, फक्त चहा आणला की विचारायची बंद झाली. नुसता कप ठेवायची. ते मला लागलं, खोटं कशाला सांगू.

मग एके दिवशी व्यायामाला म्हणून मला इथे पाठवलं, शेक घेतला, पाय वर केला, खाली केला, घरी गेलो... तर टेबल नाही! फरशीवर चार डाग, मधे धूळ आणि एक वाळलेला मटार. कोणाला काही विचारलं नाही, तसाच लंगडत निघालो रंध्याच्या कारखान्याकडे, रस्ताभर मनात नुसत्या शिव्या, मुलाला, काचेला, डॉक्टरांना. म्हटलं, रंध्याला सांगतो, तू केलेलं टेबल विकलं रे या लोकांनी, चल, दोघं मिळून परत आणू. दारातून आत बघतो तर टेबल तिथेच. पाय वर करून उताणं पडलेलं, आणि रंध्या भुशात बसून त्या एका पायाला खाली लाकडाचा तुकडा चिकटवतोय. सूनबाईनेच त्याला गाठलं होतं. मला बघून तो दचकला नाही, हातही थांबवला नाही.

"आखूड होता," तो म्हणाला. "पहिल्यापासून."

"तुला माहीत होतं?"

"मी कापलाय, मला माहीत नसणार?"

मी खाली बसलो, एका फळकुटावर. म्हटलं, "मग आत्ताच का कबूल करतोस, मेल्या?"

तर तो माझ्याकडे न बघता म्हणतो, "माझ्या हट्टापायी तू काठी घ्यायची, आणि मी ते रविवारी बघत बसायचं? मला नाही जमायचं." आणि मग तुकडा दाबून धरत, "तसा तो पाय कापताना दुसरं टोक तू धरलं होतंस. लग्न ठरल्याच्या आनंदात खिदळत होतास नुसता."

मी अजिबात हललो नव्हतो, हे तुम्ही लक्षात ठेवा. पण तेव्हा वाद नाही घातला, गोंदाचा डबा त्याच्यापुढे सरकवला.

गोंद वाळला, त्याने टेबल उभं केलं. वरती काठोकाठ भरून पाण्याचा पेला ठेवला. आम्ही दोघं दोन्हीकडून रेललो. थेंब हलला नाही! आनंद व्हायला हवा होता ना? आम्ही दोघं त्या पेल्याकडे बघत उभे, एखादा ओळखीचा माणूस अचानक अहोजाहो करायला लागावा तसं झालं. रंध्या म्हणाला, "चांगलं झालं." मी म्हटलं, "हो, चांगलं झालं." आणि मला एकच दिसत होतं, येत्या रविवारी हा दारात येणार आणि आम्ही बोलणार काय? हवापाण्याच्या गप्पा?

मुलगा आला, रंध्या आणि कारखान्यातली दोन माणसं घेतली, टेबल घरी आणलं, त्याच चार डागांवर बरोबर ठेवलं. सगळे भोवती बसले, मी माझ्या जागेवर, पाय शहाण्या मुलासारखे जवळ घेऊन. सूनबाईचा चेहरा फुललेला. आमची ही किटली घेऊन आली, कोणाला काही विचारलं नाही, ठेवली...

खट्!

टेबल झुकलं. या वेळी माझ्या डाव्या हाताला! चहा रंध्याच्या शर्टवर. मुलगा खाली वाकला, एक पाय बघितला, दुसरा बघितला, मग फरशीला गाल लावून आडवा झाला आणि तिथूनच म्हणाला, "बाबा... जमीन वाकडी आहे."

अहो, रंध्या जो उठला! शर्टातून चहा गळतोय, डोळ्यांतून पाणी गळतंय, आणि तो घरभर नाचतोय, "मी म्हणत नव्हतो? मी म्हणत नव्हतो?" अरे लबाडा, तू आत्ताच तर पाय आखूड होता म्हणून कबूल केलंस! पण ऐकतो कोण? आमची हीसुद्धा हसायला लागली, पदर तोंडात कोंबून. मग तिने डोळे पुसले, किटली पुन्हा उचलली, माझ्याकडे बघितलं आणि कितीतरी दिवसांनी विचारलं, "गुडघा?"

आता मला सांगा, माणसाने काय करायचं? डॉक्टरांनी मनाई केली ती उजव्याला. डाव्याचं नावसुद्धा काढलं नव्हतं, मुलगा साक्षीला आहे. मी म्हटलं, "लावलाय."

गवंडी आणून फरशी उखडू म्हणतात आता. उखडून तर बघा! रंध्या आणि मी, दोघंही टेबलाखाली आडवे पडू. गुडघा माझा, टेबल माझं, जमीनसुद्धा माझीच, मग तुमचं... काय? माझा नंबर आला? आलो, आलो. जरा हात द्या हो, उठवत नाही. काय म्हणालात, सिस्टर? नाही नाही, उजवा ठणठणीत बरा झाला, डॉक्टरांना म्हणावं उपकार आहेत तुमचे... आज डावा दाखवायचाय.