चारही स्विच मागच्या सीटवर

नाही हो मिस्त्री, तेच तर नकोय मला — परत काढता येईल असलं काही. तुम्ही भल्या मनाने सांगताय, कळतंय, काचा फिरवायची जुनीच हँडलं राहतील, आत बारकी मोटर बसेल, पत्रा कापावा लागणार नाही, उद्या मन बदललं तर चार स्क्रू सोडवले की गाडी होती तशी — हे सगळं समजलं मला. पण माझं मन बदलणार नाहीये, आणि बदललंच तरी उपयोग होऊ नये, म्हणून तर तुमच्याकडे आलेय. कापा. चारही दारं कापा. आतलं अस्तर काढा, पत्र्याला भोकं पाडा, मोटरी बसवा, वायरी ओढा — बाहेरून दिसल्या तरी चालतील. दिसल्याच पाहिजेत खरं तर.

असं बघू नका माझ्याकडे. गाडी माझीच आहे, कागद दाखवले ना आत्ता, नाव वाचलंत ना? गाडी आईच्या नावावर होती, घरही. ती गेल्यावर वाटणी झाली — घर दादाला, गाडी मला. वकीलसुद्धा चष्मा काढून बघत बसला, म्हणाला, ताई, चार खोल्या सोडून पंचावन्न वर्षांची गाडी मागताय? मी म्हटलं, हो, लिहा. दादाने सही करायला पाच मिनिटंसुद्धा लावली नाहीत. त्याला वाटलं, हिला कुठे चालवता येते, ही नेणार कुठे, राहील गाडी आपल्याच शेडमध्ये. भाड्याचा ड्रायव्हर लावून आणलीये मी ती इथे. रविवारी ते जुन्या गाड्यांचं प्रदर्शन आहे ना मैदानावर, त्यात माझ्या गाडीचं नाव देऊन बसलाय, मला न विचारता. ते परीक्षक टॉर्च घेऊन येतात म्हणे, दाराच्या फटीत वाकून बघतात, एक स्क्रू नवा दिसला की गुण कमी. आणि आमचा दादा — बायकोचा वाढदिवस विचारा, सांगता येणार नाही, पण या गाडीतला कुठला स्क्रू कुठला ते झोपेत सांगेल. दात घासायच्या ब्रशने बिजागऱ्या धुतो तो. अकरा वर्षं खपतोय त्या एका कपासाठी. नेऊ दे ना रविवारी, मी कशाला अडवू? चावी मीच हातात देणार आहे, आणि त्याने दार उघडलं की तिथंच उभी राहून त्याचं तोंड बघणार आहे.

आणि स्विच — हे नीट ऐका, हवं तर लिहून घ्या. चारही काचांचे स्विच मागच्या सीटवर, एकाच ठिकाणी. पुढे एकही नको. हो, माहितीये मला, पद्धत उलटी असते, चालवणाऱ्याकडे सगळे असतात. असू दे पद्धत. पुढे बसणाऱ्याला वारा हवा असेल तर त्याने मान वळवून मागे मागावा. बघू दे मागताना कसं वाटतं ते.

तुम्हाला वाटत असेल, बाई चक्रम आहे. सांगते. गाडी घरी आली त्याच आठवड्यात मी मागची काच गरागरा फिरवली आणि ती अडकली — सात वर्षांची होते मी. बाबांनी मागच्या दोन्ही दारांची हँडलं काढली आणि खिशात टाकली, ती कायमची. पुढची राहिली, मागची गेली. मागे बसणाऱ्याला वारा हवा असला की मागायचं — अहो, जरा हँडल द्या ना. आणि मागे कोण? आई. जन्मभर आई. बाबा आधी विचारणार, कशाला? आता वारा कशाला लागतो माणसाला? लहर असली तर काढून देणार, दोन इंच काच उतरली की लगेच हात पुढे — आण इकडे. पाहुण्यांसमोरसुद्धा. लोक हसायचे, आईसुद्धा हसायची, आणि मला त्या हसण्याची अजून चीड येते. बाबा गेले तेव्हा वाटलं, सुटली एकदाची. कसलं काय, दादाने गादी चालवली. प्रदर्शनापुरती हँडलं बसवायचा, घरी आला की परत काढायचा — वापरली की झिजतात म्हणे, असला माल आता मिळत नाही.

मागच्या उन्हाळ्यात आईला धाप लागली. दवाखान्यात नेत होतो, वाटेत रेल्वेचं फाटक बंद. दुपारचा एक, दोन्ही बाजूंना ट्रक असे चिकटलेले की दार उघडायची सोय नाही, आणि आत नव्या अस्तराच्या गोंदाचा वास. आई म्हणाली, काच जरा खाली करा रे. आवाजच नव्हता तिच्यात. दादा म्हणतो — मालगाडी जाऊ दे आई, धूळ येईल, कालच अस्तर लावलंय. अस्तर. ती तिकडे तोंड उघडून श्वास शोधतेय आणि हा अस्तर सांभाळतोय. दुसऱ्यांदा म्हणाली. तिसऱ्यांदा नुसती बोटं वाजवली काचेवर. मालगाडी काही संपेना. दोन दिवसांनी गेली ती. डॉक्टर म्हणाले, काचेने काही फरक पडला नसता, मनाला लावून घेऊ नका. डॉक्टरांचं काय जातंय म्हणायला, ते गाडीत नव्हते. मी होते. तेव्हाच ठरवलं, याचा जीव कशात आहे ते मला ठाऊक आहे, तिथंच करवत लावायची, आणि ते त्याला डोळ्यांनी बघायला लावायचं.

काय? मी कुठे म्हणजे? पुढे. दादाच्या शेजारी. आईला आडवं व्हायला मागे जागा नको का? आणि मला मागे बसलं की मळमळतं, लहानपणापासून, विचारा कुणालाही... माझ्याकडची काच? होती ना खाली. पूर्ण खाली होती. नाही, हँडलं खिशात बाबा ठेवायचे — दादा पुढच्या कप्प्यात ठेवतो. हो, तोच. माझ्या गुडघ्यांसमोरचा. कुलूप? नाही त्याला कुलूप. कधीच नव्हतं. पण दादा म्हणाला ना, थांब — आणि त्या गाडीत पुढून थांब म्हटलं की सगळे थांबायचे हो, उलट बोलायची सवयच नव्हती कुणाला. मी मागे वळून बघितलंसुद्धा. ती माझ्याकडेच बघत होती, दादाकडे नाही. नुसता हात लांब केला असता तर —

तुम्ही मिस्त्री आहात की वकील? ठेवा तो चहा बाजूला आणि ग्राइंडर लावा. आधी पुढचं दार घ्या. दादाचं नाही, ते दुसरं, मी बसते त्या बाजूचं. मी बाहेर उभी राहते.