न तपासलेल्या छातीचं बिल

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील विश्वस्त मंडळी, आजचे सत्कारमूर्ती बिलिंगप्रमुख साहेब, त्यांच्या सौभाग्यवती, आणि हातातलं काम टाकून टाळ्या वाजवायला बोलावलेले माझे सहकारी,

मी ड्रेसिंग रूमची सिस्टर. मला पाच मिनिटं दिली आहेत. साहेबांच्या गुणांना तेवढी पुरून उरतील.

आत्ताच विश्वस्त म्हणाले, साहेबांनी दवाखान्याचं उत्पन्न दुप्पट केलं. खरं आहे. कसं केलं, ते मात्र कुणी सांगितलं नाही, म्हणून मी सांगते. नियम असा, की पेशंट गळू फोडायला आला, तर ते गळू बघण्याचे वेगळे पैसे नाहीत. फोडण्याच्या फीमध्येच ते आलं. डॉक्टरांनी त्याच भेटीत दुसरी एखादी तक्रार खरोखर तपासली, तरच तपासणीची फी वेगळी. आता आमचे डॉक्टर दिवसाला साठ पेशंट उरकणार, ते दुसरी तक्रार ऐकणार कधी? साहेबांनी तोडगा काढला. शिक्काच बनवून घेतला: 'स्वतंत्र तपासणी केली. छाती, पोट ठीक.' काय ही बुद्धी! इतकी वर्षं शिकून डॉक्टरांना जे जमत नाही, ते साहेबांना एका दणक्यात जमायचं. तळपायातली काच काढायला आलेल्याचं पोट ठीक. नाकात मणी घालून आलेल्या तीन वर्षांच्या पोरीची छाती ठीक.

हसा, हसा. मीही हसायचे. शिक्का मारायचं काम माझ्याकडेच होतं.

गेल्या वर्षी एक बसड्रायव्हर आले. अंगठ्याचं नख मांसात रुतलेलं. पट्टी बांधताना म्हणाले, "सिस्टर, हल्ली जिना चढताना छातीत भरून येतं हो. डॉक्टरांना सांगता का जरा?" मी सांगितलं. डॉक्टर म्हणाले, "पुढच्या वेळी बघू." मग बिलाचा कागद माझ्या पुढ्यात आला आणि मी शिक्का मारला. हाताला सवयच झाली होती.

सतरा दिवसांनी ते डेपोच्या जिन्यात कोसळले, ते उठलेच नाहीत. त्यांच्या पत्नी तोच कागद घेऊन आमच्या बिलाच्या खिडकीशी आल्या. म्हणाल्या, "मी रोज म्हणत होते, मोठ्या दवाखान्यात चला. तर हे दाखवायचे मला. छाती ठीक लिहिलंय, तपासणीचे पैसे मोजलेत, उगाच घाबरतेस म्हणायचे. यांची छाती कोणी तपासली, एवढंच सांगा."

साहेबांनी मानही वर केली नाही. "बाई, बिल नियमात आहे," म्हणाले.

आणि मी आत सगळं ऐकत कापूस कापत राहिले. साहेब, मला तुमची किळस येते. त्या दिवसापासून स्वतःचीही येते.

अध्यक्ष महोदय, चिठ्ठी पाठवू नका, संपवतेच आहे. त्या बाई शेवटच्या रांगेत बसल्या आहेत. मीच बोलावलं त्यांना. बाई, तुमच्या नवऱ्याची छाती कुणीही तपासली नव्हती. ती ठीक असल्याचं मी ठरवलं, या साहेबांच्या हुकमावरून. हे सगळं माझ्या सहीनिशी आज सकाळी तुमच्या वकिलांकडे दिलंय.

बोलायची संधी दिलीत, मंडळाचे आभार. काही उणंअधिक बोलले असेन, तर सभागृहानं मोठ्या मनानं पोटात घालावं. बाई, तुम्ही घालू नका.