गादी उसवली आणि

...आणि वर म्हणे, सोशल मीडियावर धंदा वाढतो! वाढतो हो, कोण नाही म्हणतंय? तुम्हाला सांगतो, आमच्या शेजारच्या गादीवाल्याचा एवढा वाढला, एवढा वाढला, की बिचाऱ्याला तोंड लपवायला दुकानात कोपरा उरला नाही!

सरळमार्गी माणूस. जुनी गादी उसवायची, कापूस पिंजायचा, नवी खोळ घालून दाभणाने टाके मारायचे. पण समोर फोमच्या गाद्यांचं चकाचक दुकान उघडलं आणि ह्याच्याकडे माश्यासुद्धा बसेनात. तेव्हा मेहुणी अवतरली. फोन नाचवत म्हणाली, "भाऊजी, आता पडद्यावर दिसायचं! दिसाल तर विकाल!"

"अगं, पण मी काय दाखवू?"

"घाण दाखवा! जुन्या गादीतून काय काय निघतं ते लाइव्ह दाखवा. लोकांना दुसऱ्याच्या घरची घाण फार आवडते!"

खोटं आहे का? आता तुम्हीच सांगा!

झालं. मेहुणीने स्टुलावर फोन उभा केला, दिवा लावला, चष्म्यात चमक येते म्हणून ह्याचा चष्मा काढून ठेवला आणि गेली घरी बघायला. आता हा चष्म्याविना फोनसमोर. खाली लोक काय लिहितायत, ह्याला ढिम्म दिसत नाही! त्यात सासूबाईंनी आधीच काय करून ठेवावं? जावयाचं कौतुक म्हणून आपल्याही घरची एक गादी टेम्पोतून धाडली... हा जेवायला गेला असताना! टेम्पोवाल्याने ती दुकानातल्या जुन्या गाद्यांच्या ढिगावर टाकली आणि कुणाला न सांगता चालता झाला. आता ढिगात वरची गादी कुठली? तीच! मग ह्याने उचलली कुठली? तीच हो, तीच!

टाके तोडले. कापूस उपसला. आणि खळ्ळकन... गोळ्या! औषधाच्या गोळ्या! पांढऱ्या, गुलाबी... मूठ मूठ गोळ्या!

बुजरा माणूस, पण फोनवर हसरे चेहरे उडताना अंधुक दिसले आणि ह्याच्या अंगात आलं. कधी नव्हे ते! "बघा मंडळी, ह्या घरचा म्हातारा किती डांबरट असेल! बायको गोळी देते, हा जिभेखाली धरतो, तिची पाठ वळली की थू... गादीत! बायकोला वाटतंय औषध लागू पडतंय, आणि इथे गादीचं ब्लडप्रेशर उतरतंय!"

लोक लोटपोट! दिसाल तर विकाल!

तेवढ्यात वरच्या खोलीतून बायको जिना धडधडत खाली. हातात तिचा फोन. "अहो, बंद करा! बाबांची गादी आहे ती!" आणि त्या फोनमधून सासूबाईंचा आवाज, सगळ्या जगाला ऐकू जाईल असा... "त्यांना म्हणावं, गुलाबी किती आहेत ते नीट मोजा!" आणि मागून सासऱ्यांचा, बारीक... "मी जरा बाहेर जाऊन येतो."

गादीवाल्याच्या तोंडाला कापूस लागलेला, हातात गोळ्या... आणि बंद करायचं बटण? चष्म्याविना सापडतंय होय!

व्हिडिओ पुसला त्याने. पण लोकांनी आधीच साठवून घेतला होता. मेहुणीचा फोन. "भाऊजी, घराघरात पोचलात!" पोचला ना. सासऱ्यांच्या सोबत्यांच्या घरीसुद्धा पोचला. संध्याकाळी घराखालच्या बाकावर सासरे त्यांच्यात येऊन बसले की एकच प्रश्न, "काय, आज गोळी कुठे ठेवलीत?" दोनदा गेले बिचारे. मग जायचेच थांबले.

गादीवाला माफी मागायला गेला. दारातच उभा. चपला काढाव्यात की नाही, तेही कळेना. "बाबा, चुकलं माझं. कुणाची आहे ते विचारायला हवं होतं."

सासरे खिडकीबाहेर बघत म्हणाले, "दुसऱ्या कुणाची असती, तर चाललं असतं?"

गादीवाल्याने चपला काढून ठेवल्या.

"गोळी घेतली की गरगरायचं हो. सांगितलं असतं, तर हिने मला एकट्याला जिना उतरू दिला नसता. म्हणून लपवली. तुमच्या सासूबाईंपासून लपवली, जावईबापू... अख्ख्या जगापासून लपवायची वेळ येईल, असं कुठे वाटलं होतं!"

पुढे डॉक्टरांनी गोळी बदलली. गरगरणं गेलं. सासूबाईच आता म्हणतात, "जा ना हो जरा खाली, एकटे जा!" आणि म्हातारा हलत नाही! ज्या बाकासाठी सगळा खटाटोप केला, तो बाक रिकामा. आहे की नाही?

इकडे दुकानात रांग! सुना येतात, बायका येतात, कानाशी लागतात, "आमच्या ह्यांची गादी जरा उसवून बघता का? फोन चालू ठेवा, आम्ही घरून बघतो." दिसाल तर विकाल! गादीवाला हात जोडतो. "टाके घालून देतो बाई. आतलं बघणार नाही."

शेवटी त्याने सासऱ्यांसाठी गादी शिवली. हातचा सगळ्यात उत्तम कापूस, एकेक टाका मोत्यासारखा. स्वतःच्या खांद्यावर वाहून, जिना चढून नेली. सासऱ्यांनी हात फिरवला, टाके निरखले, "सुरेख शिवलीय," म्हणाले. मग ती भिंतीला उभी करून ठेवली आणि जमिनीवर चटई अंथरली.

"बाबा, अहो, गादी..."

"असू दे," सासरे आडवे होत म्हणाले. "चटईच बरी, जावईबापू. तिला उसवायला काही नसतं."