राणीचा आवाज फुटला तेव्हा

माई, आणि नानांवर जीव लावणाऱ्या मंडळींनो,

इथे उभं राहून बोलायची वेळ माझ्यावर यावी असं वाटत नव्हतं. काही चुकलंमाकलं तर सांभाळून घ्या. पण आधी एक खरं सांगून टाकतो. परवा आपले नाना मास्तर गेले आणि मला हायसं वाटलं. राग मानू नका. दोन वर्षं दम्यानं त्या माणसाला धड आडवं होऊ दिलं नाही. परवा पहाटे आडवे झाले, शांत झोपले आणि झोपेतच गेले. सुटले. दोन वर्षं त्यांच्या उशाशी जागलेल्या माईसुद्धा हेच म्हणाल्या.

तुम्ही मला ओळखता. तळोद्याच्या बाजारातला कापडवाला सुकलाल. पण त्याआधी मी नानांची राणी होतो! हसा, हसा. नानांनाही चाललं असतं.

नाना बसवायचे त्या शाळेच्या नाटकात बायकांची कामं मुलंच करायची. घरात डोळ्यांत पाणी आलं तर बाप म्हणे, "पोरगी शे का तू?" तालमीत मात्र नाना म्हणत, "रड, पोटभर रड." प्रेम, राग, रडू, चौदाव्या वर्षी जे अंगात मावत नव्हतं, ते सगळं तिथे ओतायचं. तेवढी एकच जागा होती मला.

आणि प्रयोगाच्या आदल्या दिवशी माझा आवाज फुटला. अर्धं वाक्य राणीचं, अर्धं रेड्याचं! पोरं लोळून हसली. मी पळालो. जिनिंगच्या कारखान्यामागे कापसाच्या ढिगाआड जाऊन बसलो. संपलं सगळं. आता शाळेचं तोंड बघायचं नाही, ठरलं.

नाना शोधत आले. शेजारी टेकले.

"काबर रडी ऱ्हायना?"

"नाना, लोके हसतीन."

"हसतीनच."

एवढंच. समजूत नाही, काही नाही. उठताना म्हणाले, "सकाय येजो."

दुसऱ्या दिवशी मी गेलो. पडदा उघडायच्या आधी नाना स्वतः पुढे झाले. म्हणाले, "मायबाप, आमनी राणीना आवाज फुटना शे. पोऱ्या मोठा व्हयना. हसनं व्हई ते आतेच हसी ल्या."

सगळा मांडव हसला. माझ्यावर, माझ्या तोंडावर हसला. आणि हसून मोकळा झाला! मग मी बोललो. चिरका, घोगरा, जसा आला तसा. राणीचा मुलगा मेल्यावर मी रडलो, तेव्हा समोर कोण हसत होतं? कोणी नाही. बायका डोळ्यांना पदर लावून बसल्या होत्या. प्रयोग संपल्यावर बाहेर आलो, तर बाप बैलगाडीपाशी उभा होता. म्हणाला, "चांगला रडना रे." त्यानं मला चांगलं म्हटलं, ते आयुष्यात पहिल्यांदा.

तेव्हापासून आपल्या गावात पोराचा आवाज फुटला की कोणी लपवत नाही. गुळाचा खडा घेऊन नानांकडे जातात. गेल्या आठवड्यात माझ्या थोरल्याचा फुटला. माझी धांदल उडाली. नाना आहेत तोवर पोचतो की नाही? पोचलो, देवाची कृपा. त्यांना बोलवत नव्हतं. पोरानं खडा त्यांच्या जिभेवर ठेवला आणि म्हणाला, "नाना, मी मोठा व्हयनू." नाना हसले. दम लागेल म्हणून माईंनी दटावलं, तरी हसतच होते.

मंडळी, आता उभे राहू या. पोरांनो, तुम्ही पुढे या. नानांना रामराम घाला. मोठ्यानं घाला. आवाज फाटला तर फाटू द्या.